गाणी मोजली, पण विचारलं कुणाला?

२४ ऑक्टोबर १९४२ च्या अंकात 'बिलबोर्ड' या अमेरिकी साप्ताहिकानं दहा गाण्यांची एक छोटी यादी छापली. तिचं नाव होतं 'हार्लेम हिट परेड'. न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत रेनबो म्युझिक शॉप, हार्वर्ड रेडिओ शॉप अशी मोजकी रेकॉर्डची दुकानं होती. या आठवड्यात सगळ्यांत जास्त काय खपलं, एवढंच त्या दुकानदारांना विचारलं होतं. पहिल्या क्रमांकावर आलं अँडी कर्क यांच्या वाद्यवृंदाचं 'टेक इट अँड गिट'.

आज ज्या यादीला 'हॉट आर अँड बी/हिप-हॉप साँग्ज' म्हणतात ('आर अँड बी' म्हणजे 'रिदम अँड ब्लूज'चं लघुरूप), तिचा जन्म हा असा झाला. नंतर तिचं नाव सतत बदलत राहिलं. कधी 'रेस', कधी 'रिदम अँड ब्लूज', कधी 'सोल', कधी 'ब्लॅक', मग पुन्हा 'आर अँड बी', आणि शेवटी त्याला जोडून 'हिप-हॉप'. या यादीचा इतिहास बहुतेक ठिकाणी या नावांच्या क्रमानं सांगितला जातो. मला मात्र नावांपेक्षा त्या दुकानांचं महत्त्व जास्त वाटतं. कोणतीही लोकप्रियतेची यादी म्हणजे कुणाला तरी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असतं. माणसं बदलली की उत्तर बदलतं, वरचं नाव तेच राहिलं तरी. ही गोष्ट धरून ठेवली की या ऐंशी वर्षांतले बरेच गुंते आपोआप सुटतात.

थोडं मागे जायला हवं. १९२० मध्ये मेमी स्मिथ या गायिकेनं ओके कंपनीसाठी 'क्रेझी ब्लूज' ध्वनिमुद्रित केलं. ते इतकं खपलं की कंपन्यांचे डोळे उघडले. कृष्णवर्णीय माणूस पैसे मोजून रेकॉर्ड घेतो, हे तोवर त्यांच्या हिशेबातच नव्हतं. मग त्यांनी अशा रेकॉर्डसाठी वेगळ्या मालिका काढल्या आणि त्यांना 'रेस रेकॉर्ड्स' म्हणू लागले. आज हा शब्द खटकतो, पण त्या काळी कृष्णवर्णीयांची वर्तमानपत्रं स्वतःच्या समाजासाठी 'द रेस' हा शब्द अभिमानानं वापरत. हे ध्यानात ठेवलं तर पुढे तो का बदलावासा वाटला तेही कळतं. समाजानं स्वतःसाठी वापरलेला शब्द आणि त्याच समाजासाठी दुकानदारानं मांडलेला वेगळा कप्पा, यांत बराच फरक आहे.

१९४२ हे वर्ष टंचाईचं होतं. त्या वेळच्या तबकड्या शेलॅकच्या बनत, आणि शेलॅक म्हणजे लाखेच्या किड्यांपासून मिळणारा राळेसारखा पदार्थ. तो मुख्यतः आपल्याकडून, भारतातून जायचा. युद्धामुळे ती वाहतूक अडली आणि अमेरिकी सरकारनं रेकॉर्ड कंपन्यांचा शेलॅकचा वाटा एकदम कापला. त्यात १ ऑगस्टपासून वादकांच्या संघटनेनं ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. अशा दिवसांत व्यापाऱ्यांना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती: हातात आहे तो थोडका माल कुठे पाठवला तर खपेल? हार्लेमची यादी त्या गरजेतून आली. तिच्यामागे संगीताचा कोणताही सिद्धांत नव्हता.

म्हणूनच तिच्यात आज विचित्र वाटतील अशी नावं दिसतात. डिसेंबर १९४२ मध्ये या यादीत पहिलं होतं बिंग क्रॉस्बीचं 'व्हाइट ख्रिसमस'. गायक गोरा, गाण्यात ब्लूजचा, म्हणजे अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या पारंपरिक गाण्याचा, मागमूस नाही. पण हार्लेममधल्या लोकांनी ते विकत घेतलं, म्हणून ते यादीत आलं. ही यादी गाण्याचा प्रकार मोजत नव्हती. ती एका वस्तीची आवड मोजत होती. हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढे सत्तर वर्षांनी तो नेमका उलटा झालेला दिसेल.

फेब्रुवारी १९४५ मध्ये हार्लेमचं नाव गेलं आणि यादी देशभर पसरली. आता ती ज्यूकबॉक्सवर आधारलेली होती. ज्यूकबॉक्स म्हणजे खानावळीत, दारूच्या गुत्त्यात ठेवलेलं यंत्र. नाणं टाकायचं, बटण दाबायचं, गाणं वाजतं. ज्याच्या घरी ग्रामोफोन नाही, त्याचंही मत इथे पाच सेंटमध्ये नोंदलं जायचं. दक्षिणेतला शेतमजूर, शिकागोच्या कत्तलखान्यातला कामगार, आठवड्याची मजुरी हातात आली की शनिवारी रात्री जे ऐकायचे, ते या यादीत चढायचं. या काळाचा राजा म्हणजे लुई जॉर्डन. अठरा गाणी पहिल्या क्रमांकावर, आणि सगळे मिळून ११३ आठवडे. म्हणजे दोन वर्षांहून जास्त काळ देशातल्या कृष्णवर्णीयांच्या यादीचं सर्वांत वरचं स्थान या एका सॅक्सोफोनवाल्याकडे होतं. १९४६ मधलं त्याचं 'चू चू च'बुगी' तर एकटंच अठरा आठवडे टिकलं. रॉक अँड रोल कुठून आलं असं कुणी विचारलं, तर मी आधी हे गाणं लावतो.

१९४९ मध्ये 'बिलबोर्ड'च्या कचेरीत 'रेस' हा शब्द नकोसा झाला. तिथे काम करणाऱ्या जेरी वेक्सलर या तरुण वार्ताहरानं 'रिदम अँड ब्लूज' हे नाव सुचवलं आणि २५ जूनच्या अंकापासून ते छापलं जाऊ लागलं. त्याच अंकात आणखी एक बदल झाला, ज्याकडे फारसं कुणी पाहत नाही. दक्षिणेतल्या गरीब गोऱ्यांच्या संगीताला 'हिलबिली' म्हणजे साधारण 'डोंगरातले गावंढळ' असं म्हणत. साप्ताहिकात त्याची यादी 'फोक' या नावानं छापली जायची; तिलाही आता 'कंट्री अँड वेस्टर्न' हे नाव मिळालं. दोन गरीब समाजांची गाणी होती, दोघांना वेगळी नावं चिकटवलेली होती, आणि दोन्ही याद्यांची नावं एकाच दिवशी बदलली. मला हे फार बोलकं वाटतं. शहरी मध्यमवर्गीय गोऱ्यांच्या संगीताला कधी असं नाव लागलंच नाही. ते फक्त 'पॉप' होतं, म्हणजे सगळ्यांचं.

पन्नाशीच्या दशकात एकाच संगीताच्या तीन याद्या छापल्या जात: दुकानातली विक्री, ज्यूकबॉक्स आणि रेडिओ निवेदकांनी वाजवलेली गाणी. तिघांची उत्तरं वेगळी यायची. विक्रीची यादी ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याचं ऐकते, ज्यूकबॉक्स सुट्टे पैसे असणाऱ्याचं, आणि रेडिओची यादी निवेदकाचं. निवेदकाला कंपन्या पैसे चारत, हे १९५९-६० मध्ये अमेरिकी संसदेच्या चौकशीत बाहेर आलं आणि मग त्याविरुद्ध कायदा झाला. २० ऑक्टोबर १९५८ रोजी या वेगवेगळ्या याद्यांऐवजी तीस गाण्यांची एकच एकत्रित यादी सुरू झाली.

याच दशकात या यादीवर होणं आणि पैसे मिळणं या दोन गोष्टी किती लांब होत्या ते दिसतं. फॅट्स डॉमिनोचं 'एन्ट दॅट अ शेम' १९५५ मध्ये आर अँड बी यादीत अकरा आठवडे पहिलं होतं. पॉप यादीत ते दहाव्या क्रमांकापर्यंतच गेलं. तेच गाणं पॅट बून या गोऱ्या गायकानं म्हटलं आणि ते पॉपमध्ये पहिलं आलं. डॉमिनो निदान त्या गाण्याचा सहलेखक होता, त्यामुळे त्याला लेखनाचं मानधन मिळालं. लाव्हर्न बेकरची गोष्ट जास्त कडू. तिनं गायलेलं 'ट्वीडल डी' जॉर्जिया गिब्स या गोऱ्या गायिकेनं जवळजवळ जसंच्या तसं, वाद्यांच्या जागांसकट उचललं आणि पॉप यादीत बेकरच्या कितीतरी वर नेलं. कायद्यानं गाण्याच्या लेखकाला पैसे मिळतात; गायिकेला आणि वाद्यरचना करणाऱ्याला अशा नकलेतून काहीही मिळत नाही. बेकरनं आपले संसद सदस्य चार्ल्स डिग्ज यांना पत्र लिहून वाद्यरचनेलाही कायद्याचं संरक्षण द्या अशी मागणी केली. कायदा बदलला नाही. मात्र बेकरचं पत्र वाचलं की कळतं, दोन याद्यांच्या मधली भिंत ओलांडायची परवानगी गाण्याला होती, ते गाणाऱ्या बाईला नव्हती.

भिंत दुसऱ्या बाजूनंही ओलांडली जात होती. १९५६ मध्ये एल्व्हिस प्रेस्ली या गोऱ्या गायकाची 'डोन्ट बी क्रुएल' आणि 'हाउंड डॉग' एकाच तबकडीवर आली आणि ती तबकडी पॉप, कंट्री आणि आर अँड बी अशा तिन्ही याद्यांत पहिली ठरली. १९६३ येईतो आर अँड बी यादी आणि पॉप यादी यांत फरक सांगणं अवघड झालं. त्या वर्षी लेस्ली गोर या गोऱ्या किशोरवयीन मुलीचं 'इट्स माय पार्टी' आर अँड बीमध्ये पहिलं होतं. २३ नोव्हेंबरच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं जिमी गिल्मर आणि फायरबॉल्स या गोऱ्या मंडळींचं 'शुगर शॅक'.

आणि मग यादीच बंद झाली.

३० नोव्हेंबर १९६३ पासून चौदा महिने 'बिलबोर्ड'नं आर अँड बी यादी छापली नाही. दोन याद्या सारख्याच दिसत असतील तर दोन कशाला, हा त्यामागचा विचार असावा असं सहसा सांगितलं जातं. वरवर पाहता तो उदार वाटतो. भिंत पडली, आता सगळे एका मैदानात. पण त्या मैदानात काय झालं पाहा. ४ एप्रिल १९६४ रोजी पॉप यादीतली पहिली पाचही गाणी एकट्या बीटल्स या गोऱ्या ब्रिटिश बँडची होती. त्याच चौदा महिन्यांत, २ जुलैला, अमेरिकेत वंशभेदाला बंदी घालणाऱ्या नागरी हक्क कायद्यावर सही झाली. इम्प्रेशन्सचं 'कीप ऑन पुशिंग' आलं, मार्था अँड द व्हॅन्डेलाजचं 'डान्सिंग इन द स्ट्रीट' आलं. डिसेंबरात गायक सॅम कूक गोळी लागून मेला आणि त्यानंतर काही दिवसांतच त्याचं 'अ चेंज इज गोना कम' तबकडीच्या मागच्या बाजूला प्रसिद्ध झालं. कृष्णवर्णीय अमेरिकेनं स्वतःशी सर्वांत मोठ्यानं बोलायचे दिवस होते ते, आणि ती काय ऐकते आहे हे विचारणारी या साप्ताहिकाची यादी नेमकी तेव्हाच नव्हती. 'कॅश बॉक्स' या प्रतिस्पर्धी साप्ताहिकाची यादी चालू होती. नंतरच्या संदर्भग्रंथांनी ही पोकळी तिच्या आधारे भरली. या संपूर्ण इतिहासात मला सर्वांत जास्त खुपणारी जागा हीच.

खरं तर दोन याद्या सारख्या दिसू लागल्या यावरून दोन समाजांची आवड एक झाली असा निष्कर्ष घाईचा होता. यादी परतल्यावर ते दिसलंच. ३० जानेवारी १९६५ रोजी ती पुन्हा छापली गेली तेव्हा पहिल्या क्रमांकावर होतं टेम्प्टेशन्स या कृष्णवर्णीय गटाचं 'माय गर्ल'. त्या वर्षी विल्सन पिकेटचं 'इन द मिडनाइट अवर' आर अँड बीमध्ये पहिलं आलं, पॉपमध्ये एकविसावं. हे गाणं मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओत झालं, आणि ठोका नेमका कुठे पडायला हवा ते वादकांना नाचून दाखवणारा निर्माता होता जेरी वेक्सलर. सोळा वर्षांपूर्वी ज्यानं यादीला नाव दिलं तोच माणूस. तो १९५३ मध्येच पत्रकारिता सोडून अटलांटिक रेकॉर्ड्समध्ये गेला होता.

स्टॅक्स आणि डेट्रॉइटचं मोटाउन या साठच्या दशकातल्या दोन मोठ्या रेकॉर्ड कंपन्या, आणि गाण्याच्या दोन वेगळ्या शैली. बेरी गॉर्डीनं १९५९ मध्ये घरच्यांकडून आठशे डॉलर उसने घेऊन मोटाउन उभं केलं. एका साध्या घरात स्टुडिओ, आणि बाहेर पाटी 'हिट्सव्हिल यूएसए'. गाणी अशी घासूनपुसून केलेली की गोऱ्या मुलांच्या रेडिओवरही चपखल बसावीत. स्टॅक्स एका जुन्या सिनेमागृहात होतं. तिथला आवाज खरबरीत, ब्रास वाद्यांचा, चर्चमधल्या प्रार्थनेच्या जवळचा. एक गातो आणि बाकीचे उत्तर देतात, ही चर्चमधली पद्धत. रे चार्ल्सनं १९५४ मध्ये 'आय गॉट अ वुमन'मध्ये तीच पद्धत प्रेमगीताला लावली तेव्हा अनेक भाविकांना तो धर्मभ्रष्टपणा वाटला. आपल्याकडे अभंगाच्या चालीवर कुणी लावणी म्हटली तर जो गहजब होईल, तसाच. पण त्या मिश्रणातूनच 'सोल' निघालं.

'सोल' हा शब्द मात्र संगीतापुरता राहिला नाही. १९६७ च्या डेट्रॉइटमधल्या दंगलीत दुकानदार काचेवर 'सोल ब्रदर' लिहून ठेवत, म्हणजे हे दुकान आपल्या माणसाचं आहे, फोडू नका. १९६८ मध्ये जेम्स ब्राउननं मी काळा आहे आणि मला त्याचा अभिमान आहे, अशी घोषणाच गाण्यात आणली आणि ते गाणं सहा आठवडे पहिलं राहिलं. २३ ऑगस्ट १९६९ रोजी यादीचं नाव 'सोल' झालं, तेव्हा वस्तीनं आधीच निवडलेला शब्द साप्ताहिकानं उचलला होता.

सत्तरच्या दशकात फंक आलं, डिस्को आलं, ही दोन्ही नाचायची संगीतं, आणि 'सोल' हे नाव अपुरं पडू लागलं. १९७६ मध्ये वाइल्ड चेरी या गोऱ्या बँडचं गाणं सोल यादीत पहिलं आलं. जानेवारी १९८२ मध्ये हॉल अँड ओट्स ही गोरी जोडीही पहिली आली. त्यानंतर पाच महिन्यांनी, जूनमध्ये, यादीचं नाव बदलून 'ब्लॅक सिंगल्स' करण्यात आलं. यात साप्ताहिकाची बाजू अगदीच पोकळ नव्हती. कृष्णवर्णीय श्रोते जे ऐकतात त्याला एकच शैली उरली नव्हती, तर मग श्रोत्यांचंच नाव द्या. १९४२ च्या कल्पनेकडे ते परतणंच होतं. पण 'ब्लॅक सिंगल्स' वाचणाऱ्याला ते श्रोत्यांचं नाव वाटत नाही, गायकाचा रंग वाटतो. १९८८ मध्ये जॉर्ज मायकल या गोऱ्या ब्रिटिश गायकाचा अल्बम 'टॉप ब्लॅक अल्बम्स' या अल्बमच्या यादीत पहिला आला आणि मोठा वाद पेटला. यादीनं तिचं काम चोख केलं होतं. पाटी मात्र वेगळंच काही सांगत होती. ऑक्टोबर १९९० मध्ये 'आर अँड बी' हे नाव परत आलं.

आता तंत्राकडे येऊ. तोवर विक्री मोजायची रीत म्हणजे दुकानाला फोन लावणं. व्यवस्थापक सांगायचा, पहिलं हे, दुसरं ते. आकडे नाहीत, फक्त क्रम. त्याला कंपनीकडून फुकट रेकॉर्ड आल्या असतील, तर त्याची स्मरणशक्तीही त्या बाजूला झुकायची. १९९१ मध्ये 'साउंडस्कॅन' आलं. गल्ल्यावर बारकोड वाचला की विक्री थेट संगणकात. त्याच वर्षी जूनमध्ये रॅप, म्हणजे हिप-हॉपची तालावर बोलून म्हटलेली गाणी, करणाऱ्या एन.डब्ल्यू.ए. या गटाचा अल्बम देशाच्या मुख्य अल्बम यादीत पहिला आला आणि उद्योगातले भलेभले चकित झाले. गोऱ्या उपनगरांतल्या मॉलमध्ये रॅप इतकं खपतं, हे फोनवरच्या उत्तरांतून कधी कळलंच नव्हतं.

पण बारकोडलाही एक आंधळी बाजू होती. कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या छोट्या दुकानांत असं यंत्र असेलच असं नव्हतं. म्हणून ५ डिसेंबर १९९२ पासून आर अँड बी यादीसाठी ही पद्धत आणताना या संगीताचे खरे गिऱ्हाईक जिथे येतात अशा निवडक दुकानांचा आणि आर अँड बी वाजवणाऱ्या रेडिओ केंद्रांचा आधार घेतला गेला. म्हणजे यंत्र नवं, पण प्रश्न हार्लेमचाच. १९९९ च्या डिसेंबरात नावात 'हिप-हॉप' आलं. रॅप तोवर त्या यादीचा निम्माअधिक प्राण झालं होतं, त्यामुळे ते उशिराच आलं म्हणायचं.

खरा तुटण्याचा क्षण ऑक्टोबर २०१२ चा. साप्ताहिकानं ठरवलं की यापुढे या यादीत डिजिटल विक्री, ऑनलाइन ऐकणं आणि सगळ्या प्रकारच्या रेडिओ केंद्रांवरचं वाजणं धरायचं. आर अँड बी केंद्रांचं वेगळं वजन संपलं. त्याच आठवड्यात रिहाना या पॉप गायिकेचं 'डायमंड्स' सहासष्टाव्या क्रमांकावरून थेट पहिल्यावर गेलं. त्या सात दिवसांत आर अँड बी ऐकणाऱ्यांचं मन असं एकदम पालटलेलं नव्हतं. विचारलेली माणसं बदलली होती. पुढच्या वर्षी मॅकलमोर या गोऱ्या रॅपरचं 'थ्रिफ्ट शॉप' चौदा आठवडे पहिलं राहिलं.

नव्या रीतीत आधी संपादक ठरवतात की गाणं आर अँड बी/हिप-हॉप आहे की नाही. एकदा तो शिक्का बसला की मग देशातला कुणीही ते ऐको, मोजणीत येतं. १९४२ मध्ये ऐकणारे ठरलेले होते आणि गाणं कोणतंही चालायचं. आता गाण्याचा प्रकार ठरतो आणि ऐकणारा कुणीही चालतो. साहजिकच 'शिक्का बसलेल्या गाण्यांपैकी पॉपमध्ये सर्वांत मोठं कोणतं', हेच ही यादी सांगते. २०१९ मध्ये लिल नॅस एक्स या कृष्णवर्णीय रॅपरचं 'ओल्ड टाउन रोड' कंट्री यादीतून काढलं गेलं, कारण संपादकांच्या मते ते पुरेसं कंट्री नव्हतं. हिप-हॉप म्हणून त्याला जागा होती, आणि तिथे ते वीस आठवडे पहिलं राहिलं, लुई जॉर्डनच्या अठराला मागे टाकून. पण हे दोन आकडे शेजारी ठेवणं मला पटत नाही. जॉर्डनचे अठरा आठवडे ज्यूकबॉक्समध्ये नाणी टाकणाऱ्या एका समाजाचे होते. ते वीस आठवडे अख्ख्या देशाचे होते.

म्हणून कुणी 'आर अँड बीमध्ये पहिला क्रमांक' असं सांगितलं तर मी आधी साल विचारतो. आणि आजही ज्याला जुन्या प्रश्नाचं उत्तर हवं असेल, त्यानं मुख्य यादी सोडून शेजारची 'आर अँड बी/हिप-हॉप एअरप्ले' पाहावी. ती फक्त त्या संगीताच्या रेडिओ केंद्रांवर काय वाजतं तेवढंच मोजते. तिथला पहिला क्रमांक अनेकदा वेगळाच असतो.